घारी किती लिहायच्या?

पक्षी सप्ताहातल्या रविवारी पुण्याच्या संभाजी उद्यानात पक्षी मोजायचे असं ठरलं आणि कामं वाटली गेली. चहा-पोहे एका काकूंनी अंगावर घेतले, मुलांच्या चित्रांचं टेबल कॉलेजातल्या दोन मुलींनी, आणि ओळखीपाळखीतून दुर्बिणी गोळा करायचं काम बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी. माझ्या वाट्याला यादी आली. ‘तुमचं अक्षर छान आहे’ असं कारण सांगण्यात आलं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. यादी धरणाऱ्याला फोटो काढता येत नाहीत, आणि बाकीच्यांना ते काढायचे होते.

पक्षी सप्ताह म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर. पाच तारखेला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, बारा तारखेला पक्षीशास्त्रज्ञ सालीम अलींचा. या दोन तारखांमधले दिवस राज्य सरकारने २०२० साली पक्ष्यांच्या नावे केले. योगायोगाने वेळही चांगली साधली आहे. पाऊस संपलेला असतो, पहाटे अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटायला लागतं आणि उत्तरेकडून येणारे पाहुणे पक्षी तोवर आपापली झाडं धरून बसलेले असतात.

जागेवरून मात्र बैठकीत चांगलीच जुंपली. पुण्यात पक्षी बघायचे म्हटलं की लोक कवडीपाट म्हणतात, पाषाण तलाव म्हणतात, फार तर वेताळ टेकडी. ज्यांच्याकडे गाडी आणि हातभर लेन्स आहे ते तर भिगवणच्या अलीकडे थांबायलाच तयार नसतात. ‘संभाजी उद्यानात काय, कावळे मोजायचे?’ असं एकाने विचारलंच. तर हो, कावळेच मोजायचे होते. २०२३ साली देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल आला, त्यात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि तो उभा आहे तीस हजारांहून जास्त हौशी माणसांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर. नीळकंठ कमी होतोय, मोर वाढताहेत, हे त्यातूनच कळलं. ते कळण्यासाठी कोणीतरी साळुंक्या-पारव्यांसकट सगळं लिहून ठेवावं लागतं. नुसतं ‘आज स्वर्गीय नर्तक दिसला’ एवढंच टाकणाऱ्यांच्या नोंदींतून त्या दिवशी तिथे चिमणी नव्हती की होती पण लिहिली नाही, हे कधीच समजत नाही. शिवाय भिगवणला पहाटे चारला निघून कोण सत्तरीचे आजोबा येणार होते? उद्यान जंगली महाराज रस्त्यावर, तिथे ते रोज फिरायला येतातच. शेवटी आजोबांच्या मुद्द्यावर उद्यान पास झालं.

परवानगीचं पत्र, शिक्का, पुन्हा पत्र, हे सगळं झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आदल्या रविवारी आम्ही तिघं-चौघं वाट ठरवायला गेलो. हे काम कोणी मनावर घेत नाही, पण सगळा दिवस त्यावर अवलंबून असतो. सकाळी ऊन कुठून येतं ते बघायचं, म्हणजे लोकांची पाठ सूर्याकडे राहील अशा दिशेने गट फिरवता येतात. नाहीतर झाडावरचा प्रत्येक पक्षी काळाच दिसतो आणि प्रत्येकाला तो कोतवाल पक्षी वाटतो. कोणत्या कोपऱ्यात हास्यक्लब उभा राहतो, कोणाच्या मोबाइलवर भक्तिगीतं लागतात, कुठे मुलं झोपाळ्यावर किंचाळतात, हेही टिपून ठेवलं. मग चार वाटा केल्या. तीन उद्यानाच्या आत आणि चौथी बाहेर, नदीकडे, झेड ब्रिजवर. एका गटात दहा-बारांपेक्षा जास्त माणसं नकोत असं ठरलं. हा आकडा पुढे कोणीही पाळला नाही.

साडेसहाला, म्हणजे सूर्य उगवायच्या जरा आधी, फाटकाशी पन्नासेक माणसं होती. दिवाळी नुकतीच झाली होती. महापालिकेची किल्ले स्पर्धा इथेच भरते, त्यातले काही मातीचे किल्ले अजून उभे होते. यादीतला पहिला पक्षी त्या किल्ल्यांवरच मिळाला. एका बुरुजावरून करडा धोबी शेपटी हलवत तुरुतुरु चालत होता, दरवाज्यापाशी थांबला, मावळ्याच्या पायाशी काहीतरी टिपलं आणि पुढे गेला. मी वेळ लिहिली, खाली ‘करडा धोबी, एक’ लिहिलं. हा पक्षी हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून येतो. मुलांना हे सांगितल्यावर एका मुलाने विचारलं, ‘मग तो राजगडावर का नाही गेला?’ तिथेही असेल, म्हटलं.

दुर्बीण डोळ्याला लावायला शिकवण्यात पाऊण तास जाईल असं मला वाटलं नव्हतं. काकांनी आठ गुणिले बेचाळीसच्या बऱ्याच दुर्बिणी जमवल्या होत्या. आठ म्हणजे आठपट मोठं दिसणार, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. लोक दुर्बीण डोळ्याला लावून मग पक्षी शोधत होते आणि त्यांना फक्त पानं दिसत होती. खरी रीत अशी की नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरायचा, नजर तिथून हलवायची नाही आणि दुर्बीण वर आणून डोळ्यांसमोर धरायची. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडच्या रबरी कडा आत दाबायच्या, नाहीतर चष्म्यातून इवलंसं गोल दिसतं. उजवा डोळा मिटून आधी मधल्या चाकाने डावी बाजू स्पष्ट करायची, मग डावा मिटून उजव्या भिंगाची कडी फिरवायची. एका आजींनी हे सगळं केलं, समोरच्या तारेवरचा दयाळ बघितला आणि म्हणाल्या, ‘अगंबाई, याला डोळे आहेत!’ त्यानंतर त्यांनी ती दुर्बीण कोणाला दिली नाही. काकाही काही बोलले नाहीत.

आमच्या गटाला मधली वाट होती. पहिल्या अर्ध्या तासात जे मिळालं ते पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या झाडांच्या बागेत मिळावं असंच. तांबट ठोके देत होता. बुचाच्या झाडावर अजून फुलं होती आणि त्यांच्यावर शिंजीर भांडत होते. शिंप्याची टिवटिव, लालबुड्या बुलबुल, फांद्यांतून पंख्यासारखी शेपूट उघडत उड्या मारणारी नाचण. पाहुण्यांपैकी हिरवट पर्णवटवट्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या झाडात होता, पण दिसायला महाकठीण. दहा ग्रॅमही वजन नसलेला, पानांच्याच रंगाचा, क्षणभर एका जागी न थांबणारा. त्याला कानांनीच मोजावं लागतं. ‘चिस्ली’ असा दोन तुकड्यांचा बारीक आवाज येतो, तो एकदा कळला की मग सगळीकडे ऐकू येतो. ऐकलेला पक्षी यादीत चालतो का, असं दोघांनी विचारलं. चालतो. ऐकणाऱ्याला तो आवाज ओळखता आला पाहिजे, एवढंच.

याच एवढ्याशा अटीवरून दिवसाचा सगळ्यात मोठा गोंधळ झाला.

साडेसातच्या सुमाराला आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर बांबूकडच्या मंडळींचा निरोप आला. एकच शब्द, नवरंग, आणि पुढे उद्गारचिन्हांची माळ. त्यांच्यातल्या कोणाच्या तरी फोनवरच्या मर्लिन अ‍ॅपने आवाज ऐकून ते नाव दाखवलं होतं. आता नवरंग म्हणजे पोटाशी लाल, पाठीवर हिरवा, खांद्यावर निळा असा पक्षी. पावसाळ्यात आपल्याकडे घरटं करतो, हिवाळ्याला दक्षिणेत जातो, आणि जाता-येताना कधी थकून शहरातल्या बागेत उतरतोही. म्हणजे अशक्य काही नव्हतं. ठरवलेल्या वाटा एका मिनिटात मोडल्या. झेड ब्रिजवाले सोडले तर सगळे बांबूकडे. लेन्सवाले पुढे, त्यांच्या मागे मुलं, मुलांच्या मागे ‘हळू रे, हळू’ म्हणणारे आईबाप. हास्यक्लबवालेसुद्धा हसायचे थांबून बघायला आले.

आमच्या गटाचा म्होरक्या इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, पण कान विलक्षण. तो जागचा हलला नाही. मीही त्याच्याजवळ थांबले. आवाज आला, दोन सुरांची स्पष्ट शीळ. थोड्या वेळाने पुन्हा आली. मग पुन्हा. त्याने मनगटावरचं घड्याळ माझ्यासमोर धरलं. दोन शिळांमधलं अंतर प्रत्येक वेळी तंतोतंत तेवढंच होतं, आणि तिसऱ्या शिळेनंतर मागे कुठलातरी बेडूक ओरडायचा. नोव्हेंबरात पुण्याच्या मध्यात बेडूक कुठून येणार? आम्ही आवाजाच्या दिशेने गेलो तर एका बाकावर एक गृहस्थ बसले होते, हातात कॅमेरा तयार, आणि शर्टाच्या खिशातून नवरंग गात होता.

‘अहो, मी बोलावतोय त्याला,’ ते म्हणाले. त्यांचं काही चुकतंय असं त्यांना वाटतच नव्हतं. मागे कधीतरी याच दिवसांत त्यांना एका सोसायटीच्या आवारात नवरंग दिसला होता, म्हणून आवाज लावून बघत होते. त्यांच्या खिशातला फोन गात होता आणि बांबूपाशी दुसरा फोन त्याला ओळखत होता. दोन्ही यंत्रांनी आपापलं काम चोख केलं होतं. आमच्या म्होरक्याने त्यांना शांतपणे सांगितलं की आवाज लावला की तिथल्या पक्ष्याला वाटतं, आपल्या जागेत दुसरा घुसला. तो खाणं-पिणं सोडून भांडायला येतो. स्थलांतरात थकलेल्या पक्ष्याला तर हे मुळीच परवडत नाही. गृहस्थांनी लगेच फोन बंद केला. पण बांबूपाशी जमलेल्यांना ही बातमी द्यायला कोणी तयार होईना. शेवटी मीच गेले. एका मोठ्या लेन्सवाल्याचं म्हणणं पडलं की अ‍ॅपने दाखवलंय तर यादीत लिहायला काय हरकत आहे, कोण विचारतंय. मी लिहिलं नाही. पेन्सिल माझ्या हातात असण्याचा तेवढा एक फायदा. अ‍ॅप सुचवतं, शिकायला मदत करतं, मी स्वतः वापरते. पण ज्याला कोणी पाहिलं नाही आणि ज्याचा आवाज कोणी स्वतः ओळखला नाही, तो पक्षी माझ्या कागदावर येणार नाही.

गंमत म्हणजे बांबूपाशी एवढी माणसं उभी होती तेव्हाच त्यांच्या गुडघ्यांच्या उंचीवर एक लाल छातीचा माशीमार येऊन बसला. शेपूट झटकन वर, टर्रर असा आवाज, खाली उडी, पुन्हा फांदीवर. मध्य आशियाकडून, काही तर पूर्व युरोपातून आलेला तो पाहुणा. सगळ्या लेन्सा आत अंधारात नवरंग शोधत होत्या. माशीमार बघितला एका सातवीतल्या मुलीने, आणि तिच्याकडे कॅमेराच नव्हता.

आठच्या पुढे ऊन पिंपळाच्या शेंड्यावर आलं. तिथे हरियल होते. आपला राज्यपक्षी, पण राजपत्रातल्यापेक्षा प्रत्यक्षात पाहिलेले लोक कमीच. हरियल कधी जमिनीला पाय लावत नाही असं जुने लोक सांगतात. ते अगदी खरं नसलं तरी खोटं ठरवायला बराच वेळ बसावं लागेल. थंडीत सकाळी ते उंच झाडाच्या टोकाला ऊन खात बसतात, सगळे एकाच दिशेला तोंड करून, आणि हलत नाहीत. त्यामुळे मोजणं सोपं वाटतं. पण पिवळसर हिरवा रंग आणि पिंपळाची पानं! एकाने अठरा मोजले, दुसऱ्याने सव्वीस, आजींनी त्यांच्या न सोडलेल्या दुर्बिणीतून एकतीस. थव्याला मोजायची पद्धत अशी की आधी दहा पक्षी नीट मोजायचे, त्या दहांनी किती जागा व्यापली ती नजरेत धरायची आणि तेवढे तुकडे पुढे मोजत जायचं. भोरड्यांचा हजारोंचा थवा असला की याशिवाय गत्यंतर नसतं. इथे आम्ही तसंच केलं, तेवढ्यात एक घार वरून गेली आणि अर्धे उडून परत बसले. तीसच्या आसपास, असं ठरलं. मी तीस लिहिलं. कोणीतरी फोटो काढून ठेवला.

नदीवाले साडेआठला आले ते नाकाला रुमाल लावूनच. खडकवासल्यातून पाणी सोडणं थांबलं की मुठा आक्रसते आणि पात्रात जे उरतं ते बव्हंशी सांडपाणी असतं. पण त्यांची यादी आमच्यापेक्षा लांब होती. शेकाट्यांची झुंबड, पाणकावळे, वंचक, टिटव्या, खंड्या आणि हळदीकुंकू बदकांची एक जोडी. घाण पाण्यातल्या किड्यांवर शेकाट्या माजतात. त्यांची संख्या वाढली म्हणून आनंद मानायचा की नाही यावर त्यांचा पुलावरच वाद झाला होता आणि तो पोह्यांच्या टेबलापर्यंत चालू होता. मला वाटतं, शेकाट्या दिसल्या तेवढ्या लिहाव्यात. नदीला काय झालंय हे ती यादीच दहा वर्षांनी सांगेल.

फाटकापाशी एक फळा लावला होता. त्यावर सगळ्या गटांचे मिळून आकडे लिहायचे होते, कारण फिरायला येणारे लोक तो वाचायला थांबणार. ई-बर्डवर प्रत्येक गटाची यादी वेगळी जाते: सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती अंतर, आणि ‘ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का’ या प्रश्नाला हो किंवा नाही. तिथे काही अडत नाही. फळ्यावर अडलं. चारही गटांनी घारी लिहिल्या होत्या. सहा, चार, पाच आणि नऊ. कॉलेजातल्या मुलीने फळ्यावर चोवीस लिहून टाकलं.

‘अगं, त्याच घारी आहेत त्या,’ काका म्हणाले. ‘आपल्या डोक्यावर फिरल्या त्याच यांच्या डोक्यावर गेल्या.’

‘मग कशावरून त्याच? नावं विचारलीत?’

बरोबर होतं तिचंही. शेवटी असं ठरलं की घारी, कावळे, पारवे, पोपट, म्हणजे सगळ्या उद्यानावरून ये-जा करणारे, त्यांचा सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. घारी नऊ. आणि दयाळ, शिंपी, माशीमार हे जे आपली हद्द धरून बसतात त्यांची बेरीज करायची, कारण बांबूतला दयाळ किल्ल्यांपाशी येऊन बसला तर तिथला दयाळ त्याला टिकू देणार नाही. एक काकू हे ऐकून म्हणाल्या की आमच्या सोसायटीतल्या पार्किंगलाही हाच नियम आहे. हरियल एकाच गटाने पाहिले होते, तीस तसेच राहिले. चिमण्यांच्या रकान्यात शून्य लिहायचं का, यावर मात्र सगळे थोडा वेळ गप्प होते. फाटकाबाहेरच्या टपरीपाशी दोन होत्या, त्या उद्यानात धरायच्या की नाही? शून्यच लिहिलं. टपरी उद्यानाबाहेर आहे.

उद्यानातले एक माळीमामा हे सगळं बाजूला उभं राहून ऐकत होते. त्यांनी फळा वाचला आणि विचारलं, ‘पिंगळा कुठंय?’ आम्हाला दिसलाच नव्हता. त्यांनी मत्स्यालयाच्या जवळच्या एका ढोलीकडे बोट दाखवलं, आणि ढोलीच्या तोंडाशी पिंगळ्याची जोडी होती, एकमेकांना चिकटून, आमच्याकडे टक लावून. आम्ही तिथून दोनदा गेलो होतो. मामांनी त्यांना रोज पाहिलेलं, फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आता पुढच्या वर्षीच्या बैठकीला त्यांना बोलवायचंय.

याद्या त्याच दुपारी चढवल्या. दोनएक दिवसांनी आमच्या यादीवर तपासनीसाचा निरोप आला. ई-बर्डवर त्या-त्या भागातली नोंद वेगळी वाटली की स्थानिक जाणकार स्वयंसेवक ती तपासतात. शहराच्या मध्यात तीस हरियल जरा जास्त वाटले, काही पुरावा आहे का, एवढंच अदबीने विचारलं होतं. फोटो गटावर टाकला आणि सगळ्यांनी तो बोटांनी मोठा करकरून मोजायला घेतला. रात्री उशिरापर्यंत आकडे येत राहिले: तेहतीस, पस्तीस, बत्तीस. एकाने लाल खुणांचे गोल काढून चौतीसचा फोटो टाकला, त्यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि मी यादी दुरुस्त करून ‘फोटोवरून मोजले’ अशी टीप टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातवीतल्या त्या मुलीच्या आईच्या फोनवरून निरोप आला. उजवीकडून चौथा गोल बघा, चोच लाल आहे, तो पोपट आहे. मी पुन्हा यादी उघडली, हरियल तेहतीस केले आणि पोपट एकाने वाढवला.